हुर्रक

तेहतीस वर्षं मी चोपड्याच्या बसस्थानकावर माईकपुढे बसून काढली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मंडईत कोथिंबिरीची जुडी मागितली की एखादी बाई हमखास वळून बघते आणि म्हणते, "अगं बाई, तुम्ही त्या भोंग्यातल्या ना?" म्हणजे बोलणं हा माझा धंदाच. आणि आमचे हे, गुलाब बर्डीकर, त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दिवसभर गाडीखाली. बोलायचे कमी, पण बोलायचे ते अगदी छापल्यासारखं. माझ्या केबिनचा पंखा दुरुस्त करायला पहिल्यांदा आले, काम झालं, हात पुसले आणि ताठ उभं राहून म्हणाले, "कृपया लक्ष द्यावे. आपल्या पंख्याची दुरुस्ती झालेली आहे." मला वाटलं माझी नक्कल करतायत. मी हसून हसून बेजार. तिथंच आमचं जमलं म्हणा ना.

मार्चच्या नऊ तारखेला सकाळी दाढी करताना ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. चौथ्या दिवशी दवाखान्यात वाचा परत आली. मी देवाला हात जोडले, कान देऊन ऐकलं, तर एक अक्षर कळेना. मराठी नाही, हिंदी नाही, अहिराणी तर नाहीच. घडाघड बोलत होते, न अडखळता, माझ्याकडे बघून. मध्येच थांबायचे, मी काही म्हणेन म्हणून वाट बघायचे. मी नुसती "हो, हो" करत होते.

आमची मुलगी प्रांजल पुण्याहून धावत आली होती. तिनं कानातला दुभाष्या काढून बापाच्या तोंडाशी धरला. हल्ली तो हरभऱ्याएवढा दाणा सगळ्यांच्याच कानात असतो. साडेतीनशे भाषा तो जागच्या जागी मराठीत करून सांगतो, त्यामुळे परकी भाषा शिकायच्या भानगडीत गरजेपोटी कुणी पडत नाही. दाणा म्हणाला, "भाषा ओळखता आली नाही."

डॉक्टर सौदागर बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. "माणूस आईच्या मांडीवर जी भाषा शिकतो आणि पुढे जी शिकतो, त्या दोन्ही मेंदूत अगदी एकाच जागी असतात असं नाही. झटक्यात कधीकधी एक जाते आणि एक राहते. तुमच्या मिस्टरांची मराठी गेली. जुनी राहिली आहे. कुठली हो ती?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला. अडतीस वर्षं संसार केला. ह्यांना कारलं आवडत नाही, डाव्या कुशीवर झोप लागत नाही, सगळं मला ठाऊक. आणि ह्यांच्या पोटात एक अख्खी भाषा होती, तिचा पत्ताच नाही. गाव विचारलं की "वरच्या अंगाचं, आता कुणी नाही तिथं" एवढंच सांगायचे.

"शोधून काढा," बाई म्हणाल्या. "त्या भाषेत यांच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे. उत्तरच मिळालं नाही तर मेंदू हेही दुकान बंद करील. सहा महिने आहेत. त्यानंतर मी कसलीच खात्री देणार नाही."

घरी आणल्यावर तीन आठवडे हे बोलत राहिले. मग एप्रिलात एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बोलणं सोडून दिलं.

शोध प्रांजलनं लावला. ह्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव होतं उंबरबर्डी, सातपुड्यातला चाळीस घरांचा पाडा. पाडा केव्हाच उठला होता, माणसं पांगली होती. पण एका विद्यापीठाच्या जुन्या साठ्यात नोंद निघाली. 'खेरमी भाषा, उंबरबर्डी. एका वृद्ध स्त्रीचं बोलणं, १९९८, चौदा तास.' हयात बोलणारे किती, या रकान्यात प्रश्नचिन्ह होतं. चौदा तासांवर दुभाष्या तयार होत नाही, त्याला हजारो तास लागतात.

"माणूस मात्र तयार होतो," प्रांजल म्हणाली. "आई, पालवी लावू या."

पालवी तुम्ही पोराटोरांच्या कानामागे पाहिली असेल, बिब्ब्याएवढी हिरवी चकती. तिचं शास्त्र मला डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं सांगते. लहान मूल भाषा शिकत नाही, ती त्याला लागते. कारण त्याच्या मेंदूतल्या पेशी मोकळ्या असतात. दहा-बारा वर्षांचं झालं की त्या पेशींभोवती एक बारीक जाळी घट्ट विणली जाते. शिकलेलं टिकावं म्हणून, पण नवीन आत शिरायला वाट राहत नाही. पालवी औषध आणि विजेच्या हलक्या ठोक्यांनी ती जाळी साठ दिवस सैल करते. आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा केली तर जाळी पुन्हा नीट बसत नाही.

पण एक गंमत आहे. माणूस एकटा पडद्यासमोर बसला की पालवी काम करत नाही. तान्ह्या मुलाला टीव्ही बोलायला शिकवू शकत नाही, तसंच. समोर जिवंत माणूस लागतं, त्याचं हसणं, चिडणं लागतं. चार जण एकत्र बोलायला लागले आणि त्यांच्या मेंदूंची लय जुळली की चकती हिरवी उजळते, तेव्हाच खरं शिकणं होतं. म्हणून चौघांची टोळी करावी लागते, तिला चौकडीच म्हणतात. चौकडीला रोज एक आव्हान येतं. आज फक्त भांडायचं, आज स्वयंपाक करायचा, आज खोटं बोलून दाखवायचं. कॉलेजातली पोरं हौसेनं मिझो, बास्क, आइसलँडिक अशा भाषा घेतात, गुणांची यादी रोज लागते. आणि एक जण सुटला की चौघांच्याही पालव्या त्याच क्षणी बंद.

आमच्या चौकडीत मी आणि प्रांजल. तिसरी समोरची खालिदा, शिवणकाम करते, अंगणात चार कोंबड्या पाळते आणि त्या चारही माझ्या तुळशीपाशी माती उकरतात. ह्यांनी तिचं शिलाई मशीन तीस वर्षं चालू ठेवलं होतं. विचारलं तशी म्हणाली, "भाऊंसाठी ना? लाव इकडं." चौथे वाघमोडे सर, गणिताचे निवृत्त मास्तर, ह्यांचे कॅरमचे जोडीदार. बायको जाऊन चार वर्षं झालेली. ते म्हणाले, "त्याच्याकडे माझे सतरा बोर्ड बाकी आहेत. असा गप्प बसून सुटेल होय?"

जूनच्या पहिल्या तारखेला चकत्या लावल्या. आम्हाला शिकवायला यंत्रातला मास्तर होता, आम्ही त्याला 'गुरुजी' म्हणायचो. त्यानं ते चौदा तास घोटले होते, आधी गोंगाट पुसून आवाज स्वच्छ केला होता, आणि त्या म्हातारीच्या बोलण्यातून आणि सोबतच्या त्रोटक मराठी टिपणांतून खेरमीचं व्याकरण जुळवलं होतं. आम्ही माझ्या ओट्यावर बसायचो, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. काय सांगू, कसं लागत गेलं ते! आठव्या दिवशी मी पातेलं उचलताना मनातल्या मनात खेरमीत करवादले.

अडचण आली ती वेगळीच. खेरमीत 'अहो' नाही! लहान, थोर, देव, बकरी, सगळ्यांना एकच 'तू'. प्रांजलला काही वाटलं नाही, पण माझी जीभ रेटेना. नवऱ्याला अरे-तुरे? खालिदा म्हणाली, "मला पण जमणार नाही बा, भाऊंना तू म्हणायचं."

वाघमोडे सर गुरुजीवर खेकसले, "शोध की जरा! जगात आदर नसलेली भाषा असते काय?"

गुरुजीनं शोधलं. "स्पष्ट आदरार्थी रूप सापडत नाही," तो म्हणाला. "पण 'हुर्रक' हा शब्द चारशे बारा वेळा आला आहे. तो नेहमी वाक्याच्या शेवटी, किंचित उंच स्वरात येतो. त्याला स्वतंत्र अर्थ दिसत नाही. तो आदरासाठी असण्याची शक्यता एकसष्ट टक्के."

"झालं तर! हाच तो अहो," सर म्हणाले. आम्हाला इतकं बरं वाटलं म्हणता! त्या दिवसापासून आम्ही हुर्रकची खैरात सुरू केली. एन्दा म्हणजे जेव. त्याला हुर्रक लावलं की जेवा. ये हुर्रक, बस हुर्रक, कसा आहेस हुर्रक.

दहाव्या दिवशी मी ताट घेऊन ह्यांच्या खाटेशी गेले. पहिल्यांदा माईक हातात घेतला होता, तसं वाटत होतं. मी म्हटलं, "एन्दा, हुर्रक."

ह्यांनी झटकन मान वळवली. डोळे मोठे झाले, ओठ हलले. मला वाटलं आता बोलतील. माझा धीर वाढला. मी आणखी मानानं म्हटलं, "भाकर मऊ आहे, हुर्रक. जेव, हुर्रक." ह्यांचा चेहरा उतरत गेला. डाव्या हातानं त्यांनी ताट लोटलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

असं रोज व्हायला लागलं. प्रांजल गेली, तेच. खालिदानं दारातून "बरं वाटतंय का, हुर्रक" विचारलं तर ह्यांनी पांघरूण डोक्यावर घेतलं. एकदा मी शेजारी बसून हात धरला आणि म्हटलं, "माझ्याशी बोल, हुर्रक." तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. ह्यांनी ही भाषा माझ्यापासून जपून ठेवली होती, मला तिच्यात येऊ द्यायचंच नव्हतं, आणि मी कुलूप तोडून आत घुसले, असं मला वाटलं. प्रांजल म्हणाली, "आई, अजून दिवस आहेत." पण दिवस भराभर चालले होते. हे आता दिवसाकाठी चार घास खायचे. डॉक्टरबाई तपासून गेल्या आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

त्यातच वाघमोडे सरांनी बॉम्ब टाकला.

पालवीची ही खोड आधी सांगितलेली असते. जाळी सैल झाली की जुने शब्दही थोडे हलतात. माझ्या तोंडून 'झारा' निघेना, 'ते भजी तळून काढायचं नाही का' असं चालायचं. बहुतेक शब्द परत येतात, एखादा नाही येत. त्रेचाळिसाव्या दिवशी सर ओट्यावर आले ते चकती काढायच्या बेतानंच.

"उज्ज्वलाबाई, माझी बायको दर शनिवारी एक भाजी करायची," ते म्हणाले. "बेसनाचे गोळे, तिखट रश्श्यात सोडलेले. तिचं नाव मला चार दिवस आठवत नाही. तिच्या फोटोपुढं उभा राहिलो आणि... हे बघा, माझ्याकडे तिचं म्हणून फार काही उरलेलं नाही."

"डुबुकवडे," खालिदा हळूच म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत की कळतं. घरी जाईपर्यंत जातं पुन्हा."

मी काय करावं? मी भडकले! जनाची लाज सोडून ओरडले, "तुम्हाला वड्यांचं पडलंय, इथं माझा नवरा चाललाय!" सर काठी घेऊन उठले आणि निघून गेले. पाच मिनिटांत मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की मी चप्पल न घालताच त्यांच्या मागे गेले. ते त्यांच्या फाटकाशी उभे होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुमचं दुःख माझ्यापेक्षा लहान नाही."

त्यांनी फाटकाची कडी चाळवली. "रविवारपर्यंत थांबतो," म्हणाले. "रविवारचं आव्हान मोठं आहे. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत मराठीचा एक शब्द नाही. तेवढं करू. तरी गुलाब बोलला नाही, तर मी चकती काढणार. मग मला बोल लावू नका."

रविवारी सकाळी चौघं आमच्या पुढच्या खोलीत जमलो, ह्यांची खाट तिथंच होती. दारावर पाटी लावली, 'आज मराठी बंद'. दूधवाल्याला मी खुणांनी वाटेला लावलं. भाकरी थापल्या, भांडलो, सरांनी खेरमीत पाढे म्हणायचा प्रयत्न केला आणि खेरमीत वीसच्या पुढे आकडाच नाही हे कळल्यावर ते हिरमुसले. चकत्या चौघांच्याही हिरव्यागार. आम्ही हसत होतो, आणि माझं सगळं लक्ष खाटेवरच्या पाठीकडे होतं. ती पाठ हलत नव्हती.

चार वाजले असतील. खालिदा तिचं फाटक लोटायला विसरली होती. तिची ती तांबडी कोंबडी, सगळ्यांत आगाऊ, तुरुतुरु आमच्या दारातून आत आली. भाकरीचे तुकडे टिपत टिपत खाटेपाशी गेली, टुणकन उडी मारून वर चढली आणि ह्यांच्या उशाशी उभी राहिली.

ह्यांनी तोंड वळवलं. कोंबडीकडे पाहिलं. डावा हात उगारला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ह्यांचा आवाज घरात घुमला.

"हुर्रक!"

कोंबडी पंख फडफडवत खाली पडली.

ती पुन्हा खाटेकडे वळली. "हुर्रक! हुर्रक!" हे ओरडले. कोंबडी दाराबाहेर पळाली.

खालिदानं तोंडावर हात घेतला. प्रांजल माझ्याकडे बघत होती, मी सरांकडे, आणि सरांचा चेहरा गणित चुकलेलं सापडल्यासारखा झाला होता. अगं बाई गं! जेव, हुश्श. ये, हुश्श. कसा आहेस, हुश्श. माझ्याशी बोल, हुश्श! पस्तीस दिवस मी माझ्या नवऱ्याला मानानं, प्रेमानं, ताट हातात धरून हाकलत होते.

प्रांजल पटकन गुरुजीपाशी गेली आणि खेरमीतच म्हणाली, "न धुतलेला आवाज लाव." गुरुजीनं मूळ ध्वनिमुद्रण लावलं. म्हातारी बोलत होती, आणि तिच्याभोवती, अरे देवा, कोंबड्याच कोंबड्या! कॉक कॉक, कॉक कॉक, नुसता कालवा. ती दोन वाक्यं बोलायची, कोंबड्या घरात शिरायच्या, ती हुर्रक म्हणायची. गुरुजीनं गोंगाट म्हणून कोंबड्या पुसून टाकल्या होत्या आणि हुर्रक तेवढं ठेवलं होतं.

सर आधी हसले. मग खालिदा, मग प्रांजल. मी रडत होते आणि हसतही होते. मी खाटेपाशी गुडघे टेकले आणि खेरमीत म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मला वाटलं हा मानाचा शब्द आहे. तुला नुसतं तू कसं म्हणू, म्हणून लावला. माझ्याशी बोल ना रे तू." शेवटी काहीच लावलं नाही.

ह्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला भीती वाटली. मग त्यांची छाती गदगदायला लागली. मला वाटलं दुखतंय काही. पण हे हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होते. गुरुजीतून म्हातारीचा आवाज येतच होता. ह्यांनी कान टवकारले आणि म्हणाले, खेरमीत, सावकाश, "ही होनी मावशी. हिची अंडी मी चोरायचो."

त्या दिवशी दिवे लागेपर्यंत हे बोलत राहिले, आणि आम्ही चौघं खाटेभोवती बसून उत्तरं देत राहिलो. सातव्या वर्षी त्यांना खाली आश्रमशाळेत घातलं. खेरमी बोलणारे ते एकटेच. बाकी पोरांना त्यांच्या भाषेतला एकच शब्द सापडला होता, कारण पहिल्याच दिवशी अंगणातल्या कोंबडीला हे तो म्हणाले होते. मग हे जेवायला बसले की हुर्रक, पाटीवर लिहायला लागले की हुर्रक, झोपले की हुर्रक. मास्तरसुद्धा हसायचे. ह्यांनी ठरवून टाकलं की हे तोंड आता उघडायचंच नाही. नऊ वर्षं त्या शाळेत हे जवळजवळ मुक्यानं राहिले.

"तू ताट घेऊन आलीस," हे म्हणाले. "माझ्या आईची भाषा बोललीस. मला वाटलं मी घरी आलो. आणि मग तू म्हणालीस हुर्रक. मला वाटलं, हिलाही तेवढंच माहीत आहे."

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. थोड्या वेळानं मला ह्यांचं ते छापल्यासारखं बोलणं आठवलं. "मग तुझी मराठी? इतकी शुद्ध मराठी कुठून आली?"

हे लाजले! सत्तरीला टेकलेला माणूस, सगळ्यांसमोर लाजला. "तुझ्या भोंग्यातून," म्हणाले. "गाडीखाली पडून दिवसभर ऐकायचो. तू म्हणायचीस, मी मागून म्हणायचो. तू कुणाला हसत नव्हतीस. सगळ्या गावांची नावं सारख्याच मानानं घ्यायचीस. तुझ्यापुढं पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा न चुकता येईल असं माझ्याकडे तेवढंच एक वाक्य होतं."

म्हणजे ती नक्कल नव्हती. कृपया लक्ष द्यावे, आपल्या पंख्याची दुरुस्ती झालेली आहे. आणि मी हसले होते! अडतीस वर्षं मी ती गोष्ट चारचौघांत सांगून लोकांना हसवत आले होते आणि हे बाजूला बसून ऐकत होते. मी ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले, पोरीसमोर, सरांसमोर, कुणाची पर्वा केली नाही.

वाघमोडे सर त्या संध्याकाळी उठले, खिशातून कॅरमचा स्ट्रायकर काढून ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि खेरमीत म्हणाले, "उद्या. सतरा बोर्ड." चकतीचं त्यांनी नावही काढलं नाही. पुढच्या शनिवारी खालिदानं डुबुकवडे करून नेले आणि डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. दर शनिवारी नेते. सर झाकण वाचतात आणि मग फोटोपुढं जाऊन एकदा मोठ्यानं म्हणतात. तो शब्द त्यांना आपणहून अजून आलेला नाही.

जुलैच्या तीस तारखेला, साठाव्या दिवशी, पालव्या आपोआप गळून पडल्या. गुणांच्या यादीत आमची चौकडी शेवटून तिसरी आली. पण प्रश्नचिन्ह होतं त्या रकान्यात विद्यापीठानं आता 'पाच' लिहिलं आहे.

त्या दिवशी शेवटचं काम म्हणून गुरुजीनं शब्दकोश वाचून दाखवला. ह्यांनी खाटेवर टेकून बसून चुका दुरुस्त केल्या. किती चुका! हे मास्तर झाले होते आणि गुरुजी विद्यार्थी. शेवटी तो म्हणाला, "हुर्रक. अर्थ, कोंबड्यांना हाकलताना काढायचा आवाज. आदरार्थी हा चुकीचा अर्थ काढून टाकू का?"

"काढून टाक," सर म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. कारण आमच्या घरात तो शब्द तोवर भलताच रुळला होता. हे चहा मागताना मुद्दाम हुर्रक लावायचे आणि डोळे मिचकवायचे. प्रांजल रात्री झोपायला जाताना बापाला हुर्रक म्हणायची. खालिदानं तर त्या तांबड्या कोंबडीचं नावच ते ठेवलं होतं. आता बोलणारे आम्हीच पाच, आणि पाचही जण वापरतात, तर तो अर्थ चुकीचा कसा?

"दुसरा अर्थ ठेव," मी गुरुजीला सांगितलं. "काय लिहायचं ते हे सांगतील."

हे विचार करत माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की मराठी परत येईलच असं नाही, आणि तोवर तिचा एक शब्दही आला नव्हता. ह्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. डाव्या हातानं ह्यांनी पांघरूण नीट केलं, पाठ ताठ केली, आणि एकेक शब्द गाडीखालून ओढून काढावा तसा काढत मराठीत म्हणाले,

"कृपया... लक्ष... द्यावे."

गुरुजीनं तसंच लिहून घेतलं.